मध्यवर्ती सोलेनॉइड नसताना लहान टोकामॅकमध्ये प्लाझ्मा सुरू कसा करतात?

गिरणाकाठ (प्रश्न)

मी जळगाव जिल्ह्यातील एका वरिष्ठ महाविद्यालयात तृतीय वर्ष बी.एस्सी.ला विद्युतचुंबकत्व शिकवतो. या सत्रात परिसंवादासाठी संलयन ऊर्जा हा विषय घेतला आहे. टोकामॅक या संलयन-यंत्राची नेहमीची मांडणी विद्यार्थ्यांना समजली आहे. कड्याच्या आकाराचे निर्वात पात्र असते, त्याभोवती टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या दिशेने वळत जाणारे, चुंबकीय क्षेत्र निर्माण करणाऱ्या कॉइल असतात आणि पात्राच्या मधल्या भोकात एक उभे सोलेनॉइड असते. या सोलेनॉइडमधील धारा बदलत नेली की फॅरडेच्या नियमाप्रमाणे कड्यात विद्युत क्षेत्र उत्पन्न होते, आत सोडलेल्या हायड्रोजनचे आयनीभवन होऊन विद्युतभारित कणांचा वायू, म्हणजे प्लाझ्मा, बनतो आणि त्यातून मोठी धारा वाहू लागते. त्या धारेच्या स्वतःच्या क्षेत्रामुळे क्षेत्ररेषा पिळदार होतात आणि प्लाझ्मा कोंडून धरला जातो. इथपर्यंत सर्व काही पाठ्यपुस्तकातले आहे.

अडचण पुढची आहे. गोलाकार टोकामॅक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, कड्यापेक्षा बिया काढलेल्या सफरचंदासारख्या दिसणाऱ्या लहान यंत्रांविषयी वाचताना असे आढळले की भविष्यातील अशा अणुभट्ट्यांमधून हे मधले सोलेनॉइड काढून टाकण्याचा किंवा अगदी नाममात्र ठेवण्याचा विचार आहे. जे साधन अर्धशतकाहून अधिक काळ बिनतक्रार काम करीत आहे, ते काढण्याची गरज का भासावी, असा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न अधिक मूलभूत आहे. प्लाझ्मा कोंडण्यासाठी धारा हवी आणि धारा वाहण्यासाठी प्लाझ्मा कोंडलेला हवा, असे असेल तर सोलेनॉइडचा धक्का नसताना हे चक्र सुरू कोठून होते? आणि तिसरा प्रश्न असा की हे कोणी प्रत्यक्ष करून दाखविले आहे काय, आणि दाखविले असल्यास किती धारेपर्यंत? विद्यार्थ्यांसमोर केवळ "संशोधन चालू आहे" असे सांगून मला सुटका करून घ्यायची नाही. जाणकारांनी कृपया आकड्यांसह सांगावे.

---

दीपनगरकर

सर, प्लाझ्मा हा माझा विषय नव्हे. मी औष्णिक वीजकेंद्रात विद्युत विभागात नोकरी केली आणि आता भुसावळला निवृत्त जीवन जगत आहे. मात्र आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ट्रान्सफॉर्मरच्या हिशेबातच आहे, म्हणून लिहितो.

टोकामॅक हा एक ट्रान्सफॉर्मर आहे. सोलेनॉइड ही त्याची प्रायमरी आणि प्लाझ्मा ही एकाच वेढ्याची सेकंडरी. आपल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ए.सी. असल्याने फ्लक्स सतत खालीवर होत राहतो. येथे मात्र प्लाझ्मातील धारा एकाच दिशेने वाहती ठेवायची असते, म्हणून प्रायमरीतील धारा एकाच दिशेने बदलत न्यावी लागते, आणि कोणत्याही कॉइलला अशी किती काळ ढकलणार? धारेची मर्यादा गाठली की फ्लक्स बदलणे थांबते आणि सेकंडरीतील व्होल्टेज शून्य होते. म्हणजे सोलेनॉइडकडे व्होल्ट-सेकंदांची ठरावीक शिल्लक असते आणि ती संपली की कारभार आटोपतो. त्यामुळे सलग वीज देणाऱ्या केंद्रात प्लाझ्माची धारा टिकवून धरण्याचे काम तसेही दुसऱ्या कोणत्या तरी साधनाला करावे लागणार. सोलेनॉइडचे काम उरते ते सुरुवातीपुरते.

आता जागेचा हिशेब पाहा. समजा कड्याची मोठी त्रिज्या १ मीटर आणि प्लाझ्माची लहान त्रिज्या ०.६ मीटर आहे. म्हणजे मध्यभागी जेमतेम ०.४ मीटर त्रिज्येचा खांब उरला. प्लाझ्माच्या मध्याशी २ टेस्ला टोरॉइडल क्षेत्र हवे असेल तर अँपियरच्या नियमाप्रमाणे त्या खांबातून एकूण १ कोटी अँपियर धारा वर जायला हवी. त्यासाठी ०.२५ मीटर त्रिज्येचा तांब्याचा भरीव दांडा धरला तरी धारेची घनता प्रत्येक चौरस मिलिमीटरला ५० अँपियरच्या वर जाते. आपण केबलला एक अंकी आकड्यापलीकडे सहसा जाऊ देत नाही, त्यामुळे या तांब्याला थंड ठेवण्याची काय व्यवस्था लागेल हे विद्युत अभियंत्याला वेगळे सांगावे लागणार नाही. उरलेल्या १५ सेंटिमीटरमध्ये थंड करणाऱ्या नळ्या, पात्राची भिंत आणि न्यूट्रॉनपासून बचाव करणारे कवच बसवायचे आहे. सोलेनॉइडला जागा कोठे आहे?

ती कशीबशी काढली तरी सोलेनॉइडचा फ्लक्स त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे वाढतो, आणि घटतोही. ०.२ मीटर त्रिज्या आणि ५ टेस्ला क्षेत्र घेतले, ते पूर्ण उलटे फिरविले, तर सुमारे १.२६ व्होल्ट-सेकंद मिळतात. त्रिज्या निम्मी केली की ०.३१ उरतात. गरज किती आहे ते प्लाझ्माच्या इंडक्टन्सवरून काढता येईल, परंतु त्यात गोलाकार यंत्राच्या बाबतीत बारकावे असतील, ते जाणकाराने सांगावेत.

---

पांझरापार

दीपनगरकर काकांनी जागेचा हिशेब इतका नेमका मांडला आहे की त्यात मला दोनच गोष्टी जोडायच्या आहेत. मी मूळचा धुळ्याचा, प्लाझ्मा भौतिकीत पीएच.डी. केली आणि सध्या गुजरातेत काम करतो.

पहिली गोष्ट म्हणजे गरज. साध्या सूत्राने काकांच्या उदाहरणातील प्लाझ्मा-कड्याचा इंडक्टन्स सुमारे १ मायक्रोहेन्री येतो. म्हणजे १० लाख अँपियरसाठी चुंबकीय ऊर्जेच्या रूपात सुमारे १ व्होल्ट-सेकंद, आणि प्लाझ्मा तापवत नेताना त्याच्या रोधापायी आणखी सुमारे अर्धा, असे दीड व्होल्ट-सेकंद लागतात. गोलाकार यंत्रात प्लाझ्मा उभा ताणलेला असल्याने इंडक्टन्स यापेक्षा कमी भरतो. शिवाय प्लाझ्माला बाहेर फुगण्यापासून रोखणारे उभे चुंबकीय क्षेत्र धारेबरोबर वाढवत न्यावे लागते, आणि त्या वाढीतूनही काही फ्लक्स आयताच मिळतो. तरीही बाकी बरीच उरते. दुसरी गोष्ट न्यूट्रॉनची. ड्युटेरियम आणि ट्रिटियमच्या संलयनातून १४.१ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचा न्यूट्रॉन निघतो, आणि सोलेनॉइडच्या वेढ्यांमधील इन्सुलेशन अशा माऱ्यात टिकत नाही. कवच जाड करावे तर यंत्र मोठे होते, आणि लहानपणा हाच ज्याचा मुख्य गुण त्याचा तो गुणच जातो. मार्टिन पेंग आणि डेनिस स्ट्रिक्लर यांनी १९८६ मध्ये गोलाकार टोकामॅकचा सविस्तर विचार मांडला. त्यानंतर इंग्लंडमधील कलहॅम येथील स्टार्ट या छोट्या यंत्राने १९९०च्या दशकात प्लाझ्माचा दाब चुंबकीय दाबाच्या ४० टक्क्यांपर्यंत नेऊन दाखविला. पारंपरिक टोकामॅकमध्ये हे प्रमाण काही टक्क्यांच्या आसपास असते. हा फायदा केवळ सोलेनॉइडच्या जागेपायी सोडून द्यायचा, हे कोणत्याही अभियंत्याला पटणार नाही.

आता आपला दुसरा प्रश्न. आपण ज्याला एक चक्र म्हणता त्याच्या प्रत्यक्षात तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि प्रत्येकीची अडचण निराळी आहे.

पहिली पायरी आयनीभवनाची. पात्रात अत्यंत विरळ वायू असतो. त्यातील एखाद्या मोकळ्या इलेक्ट्रॉनने विद्युत क्षेत्रात वेग घेऊन दुसऱ्या अणूला धडकावे, त्यातून आणखी इलेक्ट्रॉन सुटावेत, असा हिमस्खलनासारखा प्रकार घडायला हवा. हे घडण्यापूर्वीच इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषेवरून घसरत भिंतीला जाऊन लागला तर सारे संपले. टोरॉइडल क्षेत्ररेषा कड्याभोवती शेकडो मीटर फिरत राहाव्यात यासाठी त्यांना आडवे जाणारे भटके क्षेत्र अगदी कमी ठेवावे लागते. सरावातला नियम असा आहे की विद्युत क्षेत्राला टोरॉइडल व भटक्या क्षेत्रांच्या गुणोत्तराने गुणले असता दर मीटरला किमान १,००० व्होल्ट यायला हवेत. मायक्रोवेव्हची मदत असेल तर सुमारे १०० पुरतात. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ईटर या आंतरराष्ट्रीय संलयन प्रकल्पाचे उदाहरण घेतले तर तेथे अतिसंवाहक कॉइलमुळे विद्युत क्षेत्र दर मीटरला ०.३ व्होल्टच्या आसपासच ठेवता येते. ५.३ टेस्लाच्या मुख्य क्षेत्रात हा नियम लावला तर भटके क्षेत्र दीड मिलिटेस्लाच्या आसपास ठेवावे लागेल. वर्गात हा भागाकार विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावा.

दुसरी पायरी वेगळीच डोकेदुखी आहे. वायू आयनीभूत झाला तरी भिंतीतून सुटलेले कार्बन आणि ऑक्सिजनचे अणू प्लाझ्माची ऊर्जा प्रकाशाच्या रूपात उधळून टाकतात. तापमान काही दहा इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढे नेऊन या अणूंचे बरेचसे इलेक्ट्रॉन काढून घेतल्याशिवाय ही गळती थांबत नाही. पुरेशी शक्ती त्या क्षणी मिळाली नाही तर प्लाझ्मा तेथेच विझतो. तिसरी पायरी म्हणजे धारा दहा हजार अँपियरवरून दहा लाखांवर नेणे.

सोलेनॉइड या तिन्ही पायऱ्या एकटाच चढून जातो, हेच त्याचे मोठेपण. त्याच्याविना चढण्याचे जे मार्ग शोधले गेले त्यांची तीन कुळे आहेत.

पहिल्या कुळात प्लाझ्मात थेट इलेक्ट्रोडमधून धारा सोडतात. पात्राचा आतला आणि बाहेरचा भाग एकमेकांपासून सिरॅमिक कड्यांनी विलग केलेला असतो. तळाच्या फटीतून वायू सोडून दोन भागांमध्ये कपॅसिटर बँक रिकामी करतात. धारा एका भागाकडून दुसऱ्याकडे क्षेत्ररेषेवरूनच जाते, पण ती क्षेत्ररेषा वाटेत कड्याभोवती अनेक फेऱ्या मारून जाते. त्यामुळे इंजेक्टरमधील काही हजार अँपियरची टोरॉइडल दिशेतील बेरीज लाखाच्या घरात पोहोचते. तयार झालेला प्लाझ्मा स्वतःच्याच चुंबकीय बलाने वर फुगत पात्र भरून टाकतो. मग इंजेक्टरची धारा झटकन कमी केली की तळाशी क्षेत्ररेषा तुटून पुन्हा जोडल्या जातात, आणि वर बंद पृष्ठांचा, म्हणजे खऱ्या अर्थाने कोंडलेला, प्लाझ्मा उरतो. चुंबकीय हेलिसिटी, म्हणजे क्षेत्ररेषा एकमेकींत किती गुंतल्या आहेत याचे माप, ऊर्जेपेक्षा फार सावकाश घटते, या तत्त्वावर ही रीत उभी आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या हिट-२ यंत्रावर रॉजर रामन, टॉम जार्बो आणि सहकाऱ्यांनी ती सिद्ध केली. पुढे प्रिन्स्टन येथील एनएसटीएक्स या बऱ्याच मोठ्या यंत्रावर २००६ च्या सुमारास बंद पृष्ठांवर १६० किलोअँपियर धारा मिळाली. तेथे हा प्लाझ्मा नंतर सोलेनॉइडच्या हाती सोपवून १० लाख अँपियरपर्यंत नेला गेला आणि फ्लक्सची लक्षणीय बचत झाली.

माझ्या मते या रीतीचा कच्चा दुवा सिरॅमिक हाच आहे, कारण न्यूट्रॉनच्या माऱ्याचे जे गाऱ्हाणे सोलेनॉइडविषयी होते तेच येथे मागच्या दाराने परत येते. विस्कॉन्सिन विद्यापीठातील पेगासस या यंत्राने म्हणून वेगळी वाट धरली. तेथे प्लाझ्माच्या कडेला काही छोट्या 'गन' बसवतात. त्यातून निघालेले धारेचे झोत कड्याभोवती गुंडाळत जातात, अस्थिर होऊन एकमेकांत मिसळतात आणि टोकामॅकसारखी रचना घेऊन स्थिरावतात. पात्राला कोठेही विलग करावे लागत नाही, आणि काम झाल्यावर गन मागे घेता येतात. या रीतीने सुमारे २०० किलोअँपियर गाठले गेले. नंतर या यंत्रातून सोलेनॉइड कायमचे काढून त्याची नवी आवृत्ती केवळ सुरुवातीच्या या प्रश्नासाठी बांधण्यात आली.

दुसरे कूळ लहरींचे. इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषेभोवती ज्या वारंवारतेने फिरतो ती दर टेस्लाला २८ गिगाहर्ट्झ असते. त्या वारंवारतेचे मायक्रोवेव्ह सोडले की जेथे क्षेत्र जुळते तेथे इलेक्ट्रॉन ऊर्जा घेतात आणि सोलेनॉइडशिवायही आयनीभवन होते. उभे क्षेत्र थोडेसे दिले की उघड्या क्षेत्ररेषांवरच प्लाझ्माच्या दाबामुळे काही धारा वाहू लागते, ती वाढत जाते आणि एका टप्प्यावर अचानक उसळी घेऊन आपल्याच क्षेत्राने बंद पृष्ठे तयार करते. आपल्या चक्राचे उत्तर येथे सर्वांत स्वच्छ दिसते. पहिली धारा कोंडलेल्या प्लाझ्माची नसतेच. ती गळक्या प्लाझ्माची असते, आणि गळती भरून निघेल एवढी शक्ती मायक्रोवेव्ह पुरवीत असतात. क्योटो विद्यापीठाच्या लेट या यंत्रावर हा प्रकार बारकाईने अभ्यासला गेला. क्यूशू विद्यापीठाचे क्वेस्ट आणि कलहॅमचे मास्ट येथे २८ गिगाहर्ट्झच्या लहरींनी ७० किलोअँपियरच्या वर मजल गेली. त्याआधी १९८४ मध्ये प्रिन्स्टनच्या पीएलटी या जुन्या पारंपरिक टोकामॅकमध्ये निराळ्या, कमी वारंवारतेच्या लहरींनी १०० किलोअँपियरचा प्लाझ्मा सोलेनॉइडविना उभा केला होता.

तिसरे कूळ मूळ ट्रान्सफॉर्मरचेच, फक्त प्रायमरी बाहेर नेलेली. पात्राच्या आत वर आणि खाली एकेक कॉइल ठेवतात, त्यांच्याभोवती दोन प्लाझ्मा-कडी तयार करतात, कॉइलमधील धारा उतरवली की ही कडी सुटून मध्यावर येतात आणि एकमेकांत विलीन होतात. विलीन होताना तुटणाऱ्या क्षेत्ररेषांची ऊर्जा आयनांना मिळत असल्याने तापमान झपाट्याने वाढते. स्टार्ट आणि मास्ट या दोघांनी ही रीत वापरली, आणि इंग्लंडमधील टोकामॅक एनर्जी या खासगी कंपनीच्या एसटी-४० या यंत्रानेही. एसटी-४० ने २०२२ मध्ये आयनांचे तापमान १० कोटी अंश सेल्सियसपर्यंत नेले, ते याच सुरुवातीवर न्यूट्रल बीमची, म्हणजे वेगवान, भाररहित अणूंच्या झोताची, जोड देऊन. प्रयोगशाळेत ही रीत उत्तम आहे, परंतु पात्राच्या आत, प्लाझ्माच्या शेजारी बसलेली कॉइल अणुभट्टीत टिकणे कठीण आहे.

---

सावदेकर

चर्चा वाचून मला आमच्या विहिरीवरील जुने डिझेल इंजिन आठवले. हँडल मारून ते एकदा धडधडू लागले की हँडल काढून बाजूला ठेवायचे. सोलेनॉइड म्हणजे ते हँडल आणि ही सारी धडपड हँडलवाचून इंजिन सुरू करण्याची, असे समजणे बरोबर होईल काय? तसे असेल तर एवढ्या तीन कुळांपैकी कोणतेही एक निवडून काम भागायला हवे, कारण शंभर-दोनशे किलोअँपियरचा धक्का तर सर्वांनीच दिलेला दिसतो.

---

गिरणाकाठ

काका आणि पांझरापार, दोघांचेही मनापासून आभार. ट्रान्सफॉर्मरच्या शिल्लकीचा मुद्दा आणि "पहिली धारा गळक्या प्लाझ्माची असते" हे वाक्य, या दोन गोष्टी मी परिसंवादाच्या सुरुवातीलाच ठेवणार आहे. सावदेकर भाऊंच्या शंकेला जोडून माझी आणखी एक शंका मांडतो. मायक्रोवेव्ह एवढे सोयीचे असतील, पात्रात काहीही खुपसावे लागत नसेल, तर त्याच मार्गाने शक्ती वाढवत दहा लाख अँपियरपर्यंत का जात नाहीत? आणि आपल्या देशात, विशेषतः गांधीनगरला, या दिशेने काय अनुभव आहे?

---

पांझरापार

दोन्ही शंका एकाच ठिकाणी येऊन मिळतात, आणि माझ्या दृष्टीने या विषयाचा खरा पेच तेथेच आहे.

भाऊ, इंजिनाची उपमा सुरुवातीपुरती चालेल, पण एका बाबतीत ती फसवते. इंजिन सुरू झाले की डिझेल त्याला चालू ठेवते. टोकामॅकमध्ये संलयन सुरू झाले तरी त्यातून प्लाझ्मा तापतो, धारा आपोआप वाहत नाही. धारेसाठी स्वतंत्र साधन लागते. त्यातले सर्वांत मोलाचे साधन म्हणजे बूटस्ट्रॅप धारा, जी प्लाझ्माच्या दाबातील उतारामुळे स्वतःहून निर्माण होते. तिचे भाकीत १९७१ मध्ये झाले आणि पुढे ती प्रत्यक्ष आढळली. गोलाकार यंत्रात दाब जास्त ठेवता येत असल्याने तिचा वाटाही मोठा असू शकतो. परंतु दाब टिकवण्यासाठी आधी चांगली कोंडण हवी आणि त्यासाठी आधी भरपूर धारा हवी. दुसरे साधन न्यूट्रल बीमचे. त्यातून आत गेलेले वेगवान आयन कोंडून राहण्यासाठीही प्लाझ्मात आधीच काही शे किलोअँपियर धारा असावी लागते. ती नसेल तर बीमचे आयन प्रदक्षिणा पूर्ण होण्याआधीच भिंतीवर आपटतात.

म्हणजे शंभर-दोनशे किलोअँपियर ही मजल खरी आहे, पण पुढचे साधन हातात घेण्यासाठी ती पुरेशी आहेच असे नाही. शिवाय केवळ किलोअँपियरचा आकडा पाहून भागत नाही. इलेक्ट्रोडने सुरू केलेला प्लाझ्मा बऱ्याचदा थंड आणि अशुद्ध असतो, रोध जास्त असल्याने त्यातली धारा लवकर विरते. लहरींनी सुरू केलेल्या प्लाझ्मात धारा मुख्यतः मोजक्या अतिवेगवान इलेक्ट्रॉनांनी वाहिलेली असते आणि एकूण घनता फार कमी असते. बीमला हवा असतो गरम, पुरेसा दाट आणि शांत प्लाझ्मा. एका साधनाने सुरू केलेला प्लाझ्मा दुसऱ्याच्या हाती न सांडता देणे, हे पहिल्या ठिणगीपेक्षा कितीतरी अवघड आहे, आणि वृत्तांत वाचताना विद्यार्थ्यांनी नेमके तेच शोधावे, कारण कमाल धारेचा आकडा ठळक छापला जातो आणि हस्तांतराची हकीकत बहुधा मजकुराच्या पोटात दडलेली असते.

हस्तांतर अशक्य नाही, हे मात्र सांगायला हवे. जपानच्या नाका येथील जेटी-६०यू या मोठ्या पारंपरिक टोकामॅकवर लहरी, उभ्या क्षेत्राची वाढ आणि न्यूट्रल बीम यांची साखळी जोडून, मध्यवर्ती सोलेनॉइड न वापरता सुमारे ७ लाख अँपियरचा उत्तम प्रतीचा प्लाझ्मा तयार केल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील बहुतांश धारा अखेरीस बूटस्ट्रॅपची होती. ते यंत्र मात्र लहान नव्हते, आणि गोलाकार लहान यंत्रात हीच साखळी आरंभापासून शेवटपर्यंत तेवढ्या सफाईने जोडून दाखविणे बाकी आहे.

सर, मायक्रोवेव्हची शक्ती नुसती वाढवत का नेत नाहीत, याचे उत्तर एका छोट्या सूत्रात आहे. प्लाझ्माची घनता वाढली की तो आरसा बनतो आणि ठरावीक वारंवारतेखालची लहर आत शिरू देत नाही. २८ गिगाहर्ट्झसाठी ही मर्यादा दर घनमीटरला सुमारे १०चा १९वा घात इतके इलेक्ट्रॉन. गोलाकार यंत्रात क्षेत्र कमी आणि घनता जास्त असल्याने ही भिंत लवकर येते. तिच्यातून वाट काढण्यासाठी लहर एका विशिष्ट कोनातून सोडून तिचे आतल्या आत दुसऱ्या प्रकारच्या, इलेक्ट्रॉन बर्नस्टाइन नावाच्या लहरीत रूपांतर घडवून आणतात, जिला अशी मर्यादा नसते. मास्टवरील प्रयोग याच लहरींचे होते. युक्ती सुंदर आहे, पण कोन आणि कडेची घनता जरा इकडेतिकडे झाली की रूपांतर बिघडते, त्यामुळे अणुभट्टीत हे रोज बिनचूक करता येईल याची खात्री देण्यास मी तरी धजावणार नाही.

गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ पासून आदित्य हा टोकामॅक चालला, आता त्याची सुधारित आवृत्ती आहे. तेथील एसएसटी-१ या अतिसंवाहक टोकामॅकने २०१३ मध्ये पहिला प्लाझ्मा दिला. ही दोन्ही पारंपरिक आकाराची यंत्रे असून त्यांत सोलेनॉइड आहे. तरीही एसएसटी-१ चा अनुभव आपल्या विषयाला लागून आहे, कारण अतिसंवाहक यंत्रात लूप व्होल्टेज (कड्याभोवतीच्या एका फेरीतील व्होल्टेज) फार देता येत नाही आणि म्हणून तेथे ४२ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्हने आयनीभवनाला हात द्यावा लागतो. ४२ ला २८ ने भागले की १.५ टेस्ला येतात, आणि यंत्राचे क्षेत्र तेवढेच ठेवलेले असते. आपल्याकडील विद्यार्थ्यांना हे सर्व फार दूरचे वाटू नये म्हणून एवढेच सांगतो की ईटरचे सुमारे ३० मीटर उंचीचे आणि तेवढ्याच रुंदीचे क्रायोस्टॅट, म्हणजे अतिसंवाहक कॉइल थंड राखणारे बाहेरचे निर्वात आवरण, ज्या हजीऱ्याच्या कारखान्यात घडले, ते आपल्या सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाच्या त्या टोकाला आहे.

---

दीपनगरकर

एक शंका आणि एक सूचना. शंका अशी की इंग्लंडने नॉटिंगहॅमशायरमधील वेस्ट बर्टन या कोळशाच्या वीजकेंद्राच्या जागेवर २०४० च्या सुमारास स्टेप नावाचे गोलाकार संलयन वीजकेंद्र उभारण्याचे जाहीर केले आहे. आयुष्य कोळशाच्या केंद्रात गेल्यामुळे ती बातमी मी लक्षपूर्वक वाचली होती. त्यांनी या तिन्हींपैकी कोणता मार्ग धरला आहे?

सूचना सरांसाठी आहे. लेट या यंत्रात वापरलेली एक वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ आहे, म्हणजे स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हनची. कोणी उत्साही विद्यार्थी ओव्हन उघडून मॅग्नेट्रॉन बाहेर काढण्याच्या फंदात पडण्याची शक्यता मला स्पष्ट दिसते. त्याला वेळीच अडवावे. आतल्या कपॅसिटरवर दोन हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ राहू शकतो.

---

पांझरापार

काका, आपली सूचना शंभर टक्के योग्य आहे.

स्टेपच्या आराखड्यात सुरुवातीसाठी लहानसे सोलेनॉइड आणि धारा टिकवण्यासाठी मुख्यतः मायक्रोवेव्ह, असा मिश्र विचार दिसतो. लहान सोलेनॉइड पूर्ण वगळण्यापेक्षा त्याच्या तुटपुंज्या व्होल्ट-सेकंदांत पहिल्या दोन पायऱ्या चढून घ्याव्यात आणि उरलेली चढण लहरी व बूटस्ट्रॅपवर सोपवावी, हे मलाही आजच्या घडीला अधिक शहाणपणाचे वाटते. पूर्णपणे सोलेनॉइडमुक्त सुरुवात हा संशोधनाचा विषय म्हणून आकर्षक आहे आणि पेगासससारख्या यंत्रांनी तो लावून धरावाच. पण वीजकेंद्राच्या पहिल्या आराखड्यात एवढी जोखीम एकाच ठिकाणी घेण्याचे कारण नाही.

सर, ओव्हन न उघडता परिसंवादात करण्यासारखे एक काम सुचवितो. टोरॉइडल क्षेत्र मध्यापासूनच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते, हे विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. काकांच्या उदाहरणातील १ कोटी अँपियर घेऊन २८, ४२ आणि ५६ गिगाहर्ट्झच्या लहरी प्लाझ्मात कोणत्या त्रिज्येवर शोषल्या जातील ते त्यांना काढू द्यावे. उत्तरे अनुक्रमे २, १.३३ आणि १ मीटर येतील. प्लाझ्मा ०.४ ते १.६ मीटरमध्ये आहे, तेव्हा २८ गिगाहर्ट्झची लहर मूळ वारंवारतेवर प्लाझ्माच्या बाहेरच पडते, हे त्यांचे त्यांना दिसेल. मग इलेक्ट्रॉनच्या फिरण्याच्या दुप्पट वारंवारतेवरील शोषण का वापरतात हा प्रश्न तेच विचारतील. प्रत्येक वारंवारतेची घनतेची मर्यादा त्याच तक्त्यात शेजारी लिहायला सांगावी. ती वारंवारतेच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून ५६ ला ती २८ च्या चौपट येईल.

---

गिरणाकाठ

तक्ता विद्यार्थ्यांकडून करवून घेतो. महाविद्यालयात ग्लो डिस्चार्जची एक जुनी नळी आणि रोटरी पंप आहे, त्यावर दाब बदलत पाशेनचा आलेख, म्हणजे वायू आयनीभूत होण्यास लागणारे व्होल्टेज दाबाप्रमाणे कसे बदलते ते दाखविणारा आलेख, काढण्याचा प्रयोगही जोडता येईल, म्हणजे आयनीभवनाची पहिली पायरी त्यांना डोळ्यांनी पाहता येईल. तक्त्यातील उत्तरे आणि आलेख येथेच टाकतो. दुप्पट वारंवारतेच्या शोषणाविषयी प्रश्न आले तर पांझरापार यांना पुन्हा त्रास देईन.